दरबारातला आवाज आणि ओसरीवरचा आवाज

 

आजचा विषय आम्हाला एका मावशींनी दिला. उजनीच्या काठावरच्या एका गावात आम्ही ध्वनिमुद्रणाला गेलो होतो. या मावशी गेली वीस वर्षं मासळी विकतात. बाजारात त्यांनी चिलापीचा भाव सांगितला की दहा पाट्यांपलीकडचं गिऱ्हाईक वळून बघतं. पण आम्ही माईक पुढे धरला आणि मावशींचा आवाज एकदम खाली गेला. पदर तोंडाशी आला. आम्ही म्हटलं, "मावशी, बोला की नेहमीसारखं." तर म्हणाल्या, "माझा कसला आलाय आवाज, बाई! मालिकेतल्या आऊसाहेबांसारखं बोलता आलं तर मानसानं बोलावं."

सगळ्या हसल्या. आम्हीही हसलो. पण परत येताना गाडीत तेच वाक्य डोक्यात राहिलं. ज्या बाईच्या आवाजावर घर चाललंय, तिला आपला आवाज बोलायच्या लायकीचा वाटत नाही. आणि तिनं माप कुठलं लावलं? टीव्हीवरच्या ऐतिहासिक मालिकेचं. मग आम्ही ठरवलं की हा मालिकेतला आवाज येतो कुठून, तो खरंच त्या काळातला आहे का, हे जरा उकलून बघू.

भाषा कळत नाही, तरी राजा ओळखू येतो

आमच्या गटातल्या एकीची नात कॉलेजात आहे. ती मोबाईलवर कोरियाच्या मालिका बघते. त्यात राजवाड्याच्या, जुन्या काळातल्या गोष्टीही असतात. आजी चुलीपाशी भाकरी थापत असते, पडदा तिला दिसत नाही, फक्त ऐकू येतं. कोरियन भाषेतलं एक अक्षर तिला कळत नाही. तरी ती सांगते, "आता राजा बोलला. ही दासी. आणि ही म्हातारी राणी दिसतीय, लई खवट हाय." नात बघते तर बरोबर!

हे कसं होतं? शब्द कळले नाहीत तरी चार गोष्टी कानाला कळतात. बोलण्याचा वेग, आवाजाची पट्टी, मधली शांतता आणि वाक्याचा शेवट. मोठ्या हुद्द्याचं माणूस सावकाश बोलतं, कारण त्याला कोणी मध्येच तोडणार नसतं. त्याचा आवाज खालच्या पट्टीत असतो. दोन वाक्यांमध्ये ते थांबतं आणि बाकीचे वाट बघतात. दासी भरभर बोलते, आवाज वर चढतो, वाक्य अर्धवट राहतं. म्हणजे नटांनी बोलण्यातूनच मानाची उतरंड रचलेली असते.

कोरियन भाषेत तर समोरच्याच्या मानाप्रमाणे क्रियापदाचा शेवटच बदलतो. आपल्याकडे 'ये', 'या' आणि 'यावं' असतं ना, तसंच, पण त्याहून जास्त पायऱ्यांचं. तिकडच्या ऐतिहासिक मालिकेत राजवाड्यातली माणसं आजच्या बोलण्यात नसलेले जुने, भारदस्त शेवट वापरतात. एखाद्या नवख्या नटाला ते जमले नाहीत तर तिथले प्रेक्षक लगेच नाराज होतात, की याचं तोंड आजचं वाटतं. गंमत म्हणजे तिकडे राणीला हाक मारताना मागे 'मामा' लावतात. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा आजीनं विचारलं होतं, "अगं, ह्या बाईला मामा का म्हंत्यात?" तिकडचा 'मामा' हा राणीचा मान, आपला मामा आईचा भाऊ.

'दे जांग गम' ही २००३-०४ मधली कोरियन मालिका जगभर गाजली. राजवाड्याच्या मुदपाकखान्यातली एक मुलगी पुढे राजाची वैद्य होते, अशी ती गोष्ट. ती पाहणाऱ्या परदेशातल्या बायकांना कोरियन येत नव्हतं. तरी त्या नायिकेचा शांत, न चढणारा आवाज लक्षात राहिला. कान असा सगळीकडे सारखाच काम करतो.

आपल्या राजांचा आवाज कुणी घडवला

आता आपल्याकडे येऊ. 'शिवाजी महाराज कसे बोलायचे' असं कुणी विचारलं, तर आपल्या कानात लगेच एक आवाज येतो. भरदार, खणखणीत, सावकाश. कुणाला स्टार प्रवाहवरच्या 'राजा शिवछत्रपती' मधला अमोल कोल्हे यांचा आठवेल. ती मालिका २००८ साली आली. पुढे २०१७ ते २०२० या काळात झी मराठीवरच्या 'स्वराज्यरक्षक संभाजी' मध्ये तेच संभाजी महाराज झाले आणि शंतनू मोघे शिवाजी महाराज. आमच्या आयांना, आज्यांना भालजी पेंढारकरांच्या चित्रपटातले चंद्रकांत आठवतात. १९५२ च्या 'छत्रपती शिवाजी' मध्ये ते महाराज होते.

पण मैत्रिणींनो, महाराजांचा खरा आवाज आज हयात असलेल्या कुणीच ऐकलेला नाही. महाराजांचा काळ १६३० ते १६८०. आवाज साठवून पुन्हा ऐकवणारं यंत्र एडिसननं १८७७ साली केलं. मधे जवळपास दोनशे वर्षं गेली. मग हा 'खरा वाटणारा' आवाज आला कुठून?

तो आला नाटकातून. जुन्या नाटकांना माईक नसायचा. गावोगाव तंबू लागायचे, कनाती उभ्या राहायच्या. पाठीमागच्या शेवटच्या माणसाला, रडणाऱ्या पोरांच्या गलक्यातून, राजाचं वाक्य ऐकू जायला हवं. तेव्हा नट पोटातून श्वास घ्यायचा, प्रत्येक अक्षर सुटं करायचा, वाक्याच्या शेवटी दम टिकवायचा. आवाज मोठा करण्यासाठी बोलणं सावकाश करावंच लागायचं. ही गरज होती. पुढे तीच रीत झाली, आणि आपल्याला वाटू लागलं की राजे बोलतातच असे. १९६२ साली वसंत कानेटकरांचं 'रायगडाला जेव्हा जाग येते' आलं. त्यातले काशीनाथ घाणेकरांचे संभाजीराजे पाहिलेली जुनी माणसं आजही त्यांच्या आवाजाबद्दल आणि डोळ्यांबद्दल बोलतात.

पुढे माईक आला, टीव्ही आला. आता खरं तर कुजबुजलं तरी ऐकू जातं. पण कानाला सवय लागली होती. म्हणून मालिकेतही तोच भरदार सूर राहिला. त्यात आता यंत्राची भर पडते. आवाज मागाहून स्टुडिओत पुन्हा मुद्रित करता येतो, त्यातला खर्ज वाढवता येतो, दरबाराचा घुमारा घालता येतो, खाली नगारा वाजवता येतो. आपल्या मावशींचा आवाज मात्र मोकळ्या वाऱ्यात, कोंबड्यांच्या साथीनं मुद्रित होतो. दोन्ही एका तराजूत कसे घालायचे?

नटांची मेहनत आम्ही कमी लेखत नाही. लांबलचक संवाद एका दमात, न अडखळता म्हणायला वर्षानुवर्षांचा रियाज लागतो. आपल्या जुन्या नाट्यशास्त्रातही अंगाच्या हालचालींबरोबर बोलण्याच्या अभिनयाला, म्हणजे वाचिक अभिनयाला, वेगळं स्थान दिलं आहे. आम्ही एवढंच म्हणतो की ती कला आहे. मोजायचं माप नव्हे.

आणि आऊसाहेबांचा आवाज?

बायकांच्या आवाजाची गोष्ट आणखी गमतीची आहे. तमाशाच्या फडात बायका पूर्वीपासून होत्या. पण 'घरंदाज' म्हणवणाऱ्या संगीत नाटकांत बराच काळ बायकांचं काम पुरुषच करायचे. त्यातले सगळ्यांत गाजलेले बालगंधर्व, म्हणजे नारायण श्रीपाद राजहंस. त्यांची साडी, त्यांचं चालणं, त्यांचं लाडिक बोलणं बघून त्या काळातल्या बायका तसं वागायला शिकल्या, असं आजही कौतुकानं सांगतात. जरा विचार करा. बाईनं कसं बोलावं हे एका पुरुषानं रंगमंचावर दाखवलं, आणि आपण ते शोभतं म्हणून उचललं. १९३० च्या आसपास बायका त्या रंगभूमीवर ठळकपणे यायला लागल्या.

मग चित्रपटात जिजाऊ आल्या. भालजींच्या १९६४ च्या 'मराठा तितुका मेळवावा' मध्ये सुलोचनादीदी जिजाबाई झाल्या. सुलोचनादीदी चिकोडीजवळच्या खडकलाटच्या, म्हणजे सीमाभागातल्या खेड्यातल्या. कोल्हापुरात भालजींच्या हाताखाली त्या तयार झाल्या. त्यांचा मऊ, ओलावा असलेला आवाज म्हणजेच आईचा आवाज, असं दोन पिढ्यांनी मानलं. पुढे मृणाल कुलकर्णींनी मालिकेत आणि चित्रपटांत जिजाऊ केल्या, सोनी मराठीवर नीना कुळकर्णींनी केल्या. प्रत्येकीचा आवाज निराळा. कुणाचा मायाळू, कुणाचा करारी. खऱ्या जिजाऊ एकच होत्या, आणि आपण या सगळ्या आवाजांना 'हुबेहूब' म्हणालो!

आम्हाला अजून एक गोष्ट जाणवली. ऐतिहासिक मालिकेत बाईला बहुतेक वेळा दोनच आवाज मिळतात. चांगली बाई हळू, खालच्या सुरात बोलते. कारस्थानी बाई चिरक्या, वरच्या पट्टीत बोलते. आता शरीराची रचना बघा. बोलताना पुरुषाच्या गळ्यातल्या पट्ट्या सेकंदाला साधारण १०० ते १३० वेळा थरथरतात, बाईच्या २०० च्या आसपास. म्हणजे बाईचा आवाज निसर्गानंच वरच्या पट्टीतला आहे. आणि मालिकेत वरची पट्टी म्हटलं की खलनायिका. मग ग्रामसभेत एखादी बाई तावातावानं बोलली की 'किती किंचाळते' असं का म्हणतात, ते कळतं. पुरुष तावानं बोलला तर तो 'तडफेनं' बोलला.

राजांचं पत्र काय सांगतं

आवाज उरला नाही, पण कागद उरले आहेत. चिपळूणकडच्या छावणीतल्या अधिकाऱ्यांना महाराजांच्या नावानं गेलेलं एक पत्र प्रसिद्ध आहे. त्यात काय आहे? पावसाळ्याच्या आधी वैरण, दाणा मनाला येईल तसा उधळू नका. नाहीतर पुढे घोडी उपाशी मरतील. रयतेच्या भाजीच्या देठालाही हात लावू नका. रात्री दिवे तसेच ठेवून झोपू नका, उंदीर पेटती वात ओढून नेईल, गंजीला आग लागेल. लेखणी कारकुनाची असेल, पण काळजी घर चालवणाऱ्या माणसाची आहे. वैरण, उंदीर, दिव्याची वात. आपल्या सासूबाई रात्री झोपताना हेच सांगत होत्या की नाही?

त्या काळातल्या पत्रांची भाषाही मालिकेसारखी नाही. तिच्यात फारसी शब्द खच्चून भरलेले असायचे, इतके की आज आपल्याला वाचून पटकन अर्थ लागत नाही. म्हणून तर महाराजांनी 'राज्यव्यवहारकोश' करून घेतला आणि कारभारातल्या फारसी शब्दांना संस्कृत शब्द सुचवले. मालिकेतलं 'आपण चिंता नसावी' छापाचं बोलणं हे लेखकांनी नंतर तयार केलेलं मराठी आहे. ते कानाला गोड लागतं, कळतंही. पण ती त्या काळाची टेप नव्हे.

आणि ही माणसं बोलत कुणाशी होती? आपल्या इंदापुरात मालोजीराजांची गढी आहे. मालोजीराजे म्हणजे महाराजांचे आजोबा. ते इंदापूरच्या लढाईत पडले. पुढे पुणे, सुपे, इंदापूर हा मुलूख शहाजीराजांच्या जहागिरीत होता. म्हणजे जिजाऊंच्या घरचा कारभार आपल्याच पणजीच्या पणज्यांशी चालला होता. शेतसारा, पाणी, बैल, बियाणं यांचं बोलणं आपल्या बोलीत झाल्याशिवाय कसं भागलं असेल?

मावळा हसवायला का?

मालिकेत मात्र वाटणी ठरलेली असते. राजा, राणी, सरदार पुस्तकी बोलतात. मावळा, दासी, गवळण आपल्यासारखं 'व्हय', 'न्हाई', 'पानी' बोलतात. आणि बऱ्याचदा हसू आणायचं कामही त्यांच्याकडेच असतं. वर्षानुवर्षं हे ऐकलं की मनात बसतं, शहाणपण पुस्तकी भाषेत असतं आणि आपली बोली विनोदाला असते.

हे कोरियातही आहे. राजे राजधानीच्या प्रमाण भाषेत बोलतात. पण २००३ साली तिथे 'ह्वांगसानबॉल' नावाचा एक विनोदी चित्रपट आला. त्यात जुन्या दोन राज्यांची लढाई आहे, आणि दोन्हीकडचे सेनापती, राजे सगळे आपापल्या प्रांताच्या बोलीत बोलतात. लोक आधी हसले. पण मग विचारही करू लागले की तेव्हाचे राजे तरी दुसरं काय बोलत असतील?

आपल्याकडे हे फार आधी झालं आहे. १९३६ साली पुण्याच्या प्रभात कंपनीनं 'संत तुकाराम' काढला. दामले आणि फत्तेलाल त्याचे दिग्दर्शक, विष्णुपंत पागनीस तुकोबा. पुढच्या वर्षी इटलीतल्या व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवात त्याचा गौरव झाला. त्यात तुकोबांची बायको जिजाई केली ती गौरी यांनी. प्रभातमध्ये किरकोळ कामं करत करत त्या पडद्यावर आल्या होत्या. त्यांची जिजाई म्हशीवर जीव टाकते, नवऱ्यावर करवादते. पोर आजारी पडल्यावर सरळ देवळात जाऊन विठोबालाच जाब विचारते. आवाज खरखरीत, बोली रांगडी, कुठे मुलामा नाही. आज जवळपास नव्वद वर्षांनी बघितलं तरी ती बाई शेजारच्या घरातली वाटते. तुकोबांची पालखी दरवर्षी बारामती, सणसर, अंथुर्णे, निमगाव केतकी, इंदापूर करत आपल्या दारावरून जाते. त्या वाटेवर आजही भाकरीच्या टोपल्या घेऊन उभ्या राहणाऱ्या बायका त्याच आवाजात बोलतात.

अलीकडे २०१९ च्या 'हिरकणी' मध्ये रायगडावर दूध घालणारी गवळणच नायिका झाली. आणि इतिहासातला नसला तरी २०१६ चा 'सैराट' विसरून चालणार नाही. दिग्दर्शक नागराज मंजुळे आपल्या शेजारच्या जेऊरचे, नायिका रिंकू राजगुरू अकलूजची. ती पडद्यावर आपल्या भागाच्या बोलीत बोलली, ऐटीत बोलली, आणि सगळ्या महाराष्ट्रानं ऐकलं. बोली तीच होती, फक्त ती बोलणाऱ्या मुलीला कुणी हसण्यावारी नेलं नाही.

आता आपलं

हे सगळं आम्ही का सांगितलं? एका गावातल्या आमच्या मैत्रिणीनं ग्रामसभेत नळाच्या पाण्याचा प्रश्न विचारला. ती 'पानी' म्हणाली, मागून कुणीतरी तिची नक्कल केली, लोक हसले. ती खाली बसली. पुढे दोन उन्हाळे त्या वस्तीनं लांबून पाणी आणलं. 'न' आणि 'ण' ची किंमत एवढी मोठी असू शकते.

म्हणून काही गोष्टी गाठीला बांधा. पहिली, रेकॉर्ड केलेला आपला आवाज सगळ्यांनाच विचित्र वाटतो, मोठमोठ्या नटांनाही. बोलताना आपला आवाज आपल्याला हवेतून आणि कवटीच्या हाडांतूनही ऐकू येतो. हाडांतून येणारा भाग खर्जाचा असतो. रेकॉर्डिंगमध्ये तो नसतो, म्हणून आवाज बारीक वाटतो. दुसऱ्यांना तुम्ही आधीपासून तशाच ऐकू येता, आणि त्यांना त्यात काही खटकत नाही.

दुसरी, माईकपासून वीतभर अंतर ठेवा, आधी घोटभर कोमट पाणी प्या, श्वास पोटातून घ्या. नटांची एवढी विद्या उसनी घ्यायला हरकत नाही. सावकाश बोलणं आणि वाक्य पूर्ण करणं ही तर आपण राजांकडून घ्यावीच. कुणी हसलं तर थांबा, आणि तेच वाक्य पुन्हा सावकाश म्हणा.

तिसरी, बोली बदलू नका. कागदावर अर्ज लिहिताना प्रमाण भाषा लागते, ती शिकूया, मुलींना शिकवूया. पण तोंडातली बोली सोडायचं कारण नाही.

पुढच्या बैठकीत एक करून बघा. ऐतिहासिक मालिका लावा, पडद्याकडे पाठ करा आणि दहा मिनिटं नुसतं ऐका. कोण सावकाश बोलतं, कुणाला मध्येच तोडलं जातं, हसू कुणाच्या बोलीवर येतं, ते एकमेकींना सांगा. मग आपल्याच बैठकीचं मोबाईलवर रेकॉर्डिंग करून तसंच ऐका. आपणही कुणाला तोडतो का, ते कळेल.

मासळीवाल्या मावशींचं पुढे काय झालं? आम्ही माईक बाजूला धरला आणि एका पोरीला गिऱ्हाईक केलं. तिनं भाव पाडून मागितला मात्र, मावशी अशा काही बोलल्या की आमच्या यंत्राचा काटा शेवटाला टेकला! तेच मुद्रण आम्ही लावलं. ऐकून मावशी म्हणाल्या, "ह्यो तर माझाच आवाज. एवढा काय वाईट न्हाई."

मालिकेतले राजे स्वतःला 'आम्ही' म्हणतात, आणि ते एकटेच असतात. आपला गट 'आम्ही' म्हणतो तेव्हा मागे वीस जणी असतात. बोला मैत्रिणींनो.